अलास्काची पहिली क्रूझ: थंडीपेक्षा ओल सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ, सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा, आणि चौघांपैकी कुणीच याआधी मोठ्या जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. वाटेत जुनो, स्कॅग्वे, ग्लेशियर बे, केचिकन आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. जाड कोट किती घ्यायचे, बाल्कनीची केबिन घ्यावी का, बोट लागेल का आणि बंदरांवर काय करायचं, हे तुम्ही विचारलंत. कागदपत्रांचं विचारलं नाहीत. पण खरा घोटाळा तिथेच होतो, म्हणून तेही सांगतो.

मी बरीच वर्षं उन्हाळ्यात लहान गट घेऊन या मार्गावर जातो. पहिल्या खेपेला जी चूक मी केली, तीच अजूनही प्रत्येक गटात दोघं-तिघं करतात. 'अलास्का' हा शब्द ऐकला की बर्फाची तयारी सुरू होते. मी गुडघ्यापर्यंत येणारा जाड लोकरी कोट नेला होता. जुनोला उतरलो तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती. तासाभरात कोट एवढा भिजला की खांद्यावर कुणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं. पुढचे तीन दिवस तो केबिनच्या बाथरूममध्ये टांगलेला होता आणि दार उघडलं की ओल्या मेंढीचा वास यायचा. स्कॅग्वेच्या वरच्या खिंडीत, जिथे खरंच बोचरा वारा होता, तिथे मी तीन शर्ट एकावर एक चढवून कुडकुडत उभा होतो.

जुलैमध्ये जुनोचं दिवसाचं तापमान साधारण १७-१८ अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि रात्री ते १० च्या आसपास उतरतं. एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडलं तर लोक टी-शर्टवर फिरतात. म्हणजे थंडी कडाक्याची नसते. त्रास देतात त्या दोन गोष्टी, पाऊस आणि वारा. तुमचा सगळा मार्ग पावसाळी जंगलाच्या किनाऱ्याने जातो. पॅसिफिकवरून येणारे ढग इथल्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथल्या लोकांना त्याचा चक्क अभिमान आहे. स्कॅग्वे मात्र डोंगरांच्या आडोशाला असल्याने केचिकनच्या पाव हिश्शाइतकाही पाऊस तिथे पडत नाही. त्याची भरपाई वारा करतो. मे महिना या भागात तुलनेने कोरडा, जुलैअखेरपासून पाऊस वाढत जातो. तुमच्या आठवड्यात निदान दोन दिवस भिजवणारे असतील असं धरूनच बॅग भरा. कोरडे गेले तर नशीब.

त्यामुळे जाड कोट किती घ्यायचे याचं उत्तर: एकही नाही. प्रत्येकाने तीन थर न्यायचे. आतला थर अंगाला चिकटून बसणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, जो घाम बाहेर सोडतो. मधला थर फ्लीसचा किंवा पातळ फुगीर जॅकेटचा, तो ऊब धरतो. आणि सगळ्यांत वर टोपीसकट खरोखर जलरोधक जॅकेट. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं चालत नाही. ते वीस मिनिटं टिकतं. घरीच अंगात घालून पाच मिनिटं शॉवरखाली उभं राहून बघा. हसू येईल, पण याहून स्वस्त परीक्षा नाही. खांद्याची शिवण आणि चेन, पाणी आत शिरतं ते तिथून. पावसाळी पँटही घ्याच, साध्या पँटवरून चढवता येईल अशी. लोक जॅकेटवर खर्च करतात आणि पँट विसरतात. मग जॅकेटवरून ओघळलेलं सगळं पाणी मांड्यांवर जमा होतं.

जीन्स नकोच. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो, आणि जीन्स जहाजावरच्या दमट बाथरूममध्ये दोन दिवसांतही वाळत नाही. छत्रीच्या मोहात पडू नका. वाऱ्यात ती उलटी होते आणि व्हेल बघायच्या बोटीवर शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. लोकरी टोपी, पातळ हातमोजे आणि गळ्याभोवतीची पट्टी या तिन्हींचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही, पण हिमनदीच्या दिवशी त्यांच्याशिवाय डेकवर अर्धा तासही काढता येत नाही. बूट टाच धरून ठेवणारे आणि जलरोधक हवेत, आणि ते निदान दोन आठवडे आधीपासून घालून फिरा. तिथली स्थानिक मंडळी तपकिरी रबरी गमबूट घालून बाजारात, ऑफिसात, लग्नालाही जातात. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, पण दोन जोड नक्की घ्या. एक वाळत असताना दुसरा पायात.

आता मजेची गोष्ट. पोहण्याचे कपडेही घ्या. जहाजावर गरम पाण्याचे हौद असतात, आणि वरून भुरभुर पाऊस पडत असताना गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून ढगांत बुडालेले डोंगर बघणं हा या सफरीतला एक मोठा आनंद आहे. गॉगल आणि सनस्क्रीनही विसरू नका. पाणी आणि बर्फ दोन्हींवरून ऊन उलटं येतं.

सामान किती न्यावं याबद्दल एक ऐतिहासिक दाखला देतो, कारण तुम्ही स्कॅग्वेला जाणारच आहात. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या मागे हजारो लोक याच गावातून निघाले. सरहद्दीवर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस उभे असत आणि वर्षभराचा शिधा व साहित्य, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान, बरोबर असल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नसत. ते सामान खिंडीतून वर न्यायला एकेका माणसाने तीस-तीस, चाळीस-चाळीस फेऱ्या मारल्या. तुमच्या चौघांच्या बॅगा बघून मला ती रांग आठवायला नको. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठपिशवी पुरते. प्रत्येक जहाजावर कपडे धुऊन मिळतात.

हिमनदीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक खर्च करतात तो याच दिवसासाठी आणि वाया घालवतात तोही हाच.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे एका दिवसात जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. सकाळी आत शिरतं, दुपारनंतर बाहेर पडतं, आणि मधला सगळा वेळ तुम्ही डेकवर. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर शिडीने चढतात. ते बघायलाच लवकर उठावं. मग दिवसभर ते ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज व्हँकूवरच्या तुकडीने हा किनारा मोजला तेव्हा इथे उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युर आला तोवर बर्फ खूप आत सरकला होता, आणि १९१६ पर्यंत मुख्य हिमनदी तोंडापासून सुमारे १०० किलोमीटर मागे गेली होती. म्हणजे तुमचं जहाज ज्या पाण्यावरून सकाळभर चालेल, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. ही गोष्ट माहीत असेल तर किनाऱ्याकडे बघण्याची नजर बदलते. तोंडाशी उंच, काळपट, जुनं जंगल दिसतं. आत जाल तसतशी झाडं खुरटी होत जातात, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ, आणि शेवटी उघडा खडक. जंगल कसं उगवतं हे एका सकाळीत, उलट्या क्रमाने दिसतं. बहुतेक प्रवासी त्या वेळी नाश्त्याच्या रांगेत असतात.

शेवटी मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं. ती जवळपास ३४ किलोमीटर लांब आणि तोंडाशी दीडेक किलोमीटर रुंद आहे. इथे कप्तान जहाज हळूहळू गोल फिरवतो, त्यामुळे डावी बाजू घ्यावी की उजवी या वादात पडू नका; दोन्ही बाजूंना दिसतं. बर्फाचे कडे सुटून पाण्यात पडतात ते बघायची एक युक्ती आहे. नवखे लोक आवाज झाला की मान वळवतात. जहाज अर्धा-पाऊण किलोमीटर अंतरावर असेल तर आवाज पोचायला दीड-दोन सेकंद लागतात, तोवर कडा पाण्यात गेलेला असतो. म्हणून हिमनदीचा एक तुकडा निवडा, जिथे नुकताच चुरा घसरला आहे किंवा खाली पाणी ढवळलेलं आहे, आणि नजर तिथेच रोवून ठेवा. एक छोटा तुकडा पडला की तिथेच मोठा पडण्याची शक्यता वाढते. मोबाइल खाली ठेवा. डोळ्यांनी एक कडा पडताना नीट बघितला की मग व्हिडिओ घ्यायला आख्खी दुपार आहे.

आभाळ भरलेलं असेल तर हिरमुसू नका. दाट, दाबला गेलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो म्हणून तो निळा दिसतो, आणि ढगाळ उजेडात ती निळाई भर उन्हापेक्षा कितीतरी गडद दिसते. माझे सगळ्यांत चांगले फोटो भुरभुर पावसातले आहेत. फक्त बॅटरी खिशात, अंगाजवळ ठेवा. गारठ्यात ती भरभर उतरते.

हिमनदीवरून खाली येणारा वारा वेगळाच असतो. बर्फावरची गार, जड हवा उताराने घसरत येते आणि थेट तोंडावर आदळते. पंधरा मिनिटांपूर्वी तुम्ही फ्लीसवर निवांत उभे असता आणि एका वळणावर दात वाजायला लागतात. त्या दिवशी तिन्ही थर सकाळपासूनच अंगात असू द्या. केबिनमध्ये परत जायचं म्हटलं की लिफ्टच्या रांगेत दहा मिनिटं जातात आणि नेमका तेव्हाच कडा पडतो.

दुर्बीण प्रत्येकी एक हवी. जोडप्यात एक ही काटकसर भांडणं लावते. ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची पुरे. १० पटीच्या वर गेलात की जहाजाच्या थरथरीत चित्र नाचतं.

केबिनचं सांगतो. बाल्कनी परवडत असेल तर घ्या, विशेषतः आईबाबांसाठी. उष्ण प्रदेशातल्या क्रूझवर बाल्कनी ही चैन असेल, पण इथे दृश्य दिवसभर चालू असतं आणि म्हाताऱ्या माणसांना दर वेळी वरच्या डेकवर चढणं जमत नाही. पांघरूण गुंडाळून, हातात गरम कप घेऊन आई बाहेर बसलेली असताना समोरून व्हेलचा फवारा उडतो, यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं माझं मत आहे. तुम्हा दोघांसाठी मात्र आतली, खिडकी नसलेली केबिन चालेल. तुम्ही केबिनमध्ये फक्त झोपायला जाल, आणि जायला हवंच. उरलेले पैसे एका चांगल्या सहलीवर घाला. दोन्ही केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर मागा. बुक करण्याआधी जहाजाचा नकाशा उघडून वर-खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिन असतील तर शांत झोप लागते. डोक्यावर स्वयंपाकघर किंवा नाचघर असेल तर नाही.

झोपेचं निघालंच आहे तर: जुलैच्या शेवटी जुनोला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो, मधला अंधारही पुरता काळा नसतो. बाल्कनीच्या केबिनमध्ये डोळ्यांवरची पट्टी लागते.

आणि बोट लागणं. नकाशा पाहिलात तर बेटांमधून जाणारा आतला मार्ग शांत असतो. पण सिएटलहून निघणारी जहाजं बहुधा व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून वर जातात. म्हणून पहिला पूर्ण दिवस आणि परतीचा शेवटचा टप्पा हे दोन हलतात. बाकी आठवडा बेटांच्या आडोशाला जातो. ज्यांना गाडीही लागते त्यांच्यासाठी व्हँकूवरहून निघणारी सफर बरी. ती बेटाच्या आतल्या अरुंद खाडीतून जाते. तुमची तिकिटं झालेली आहेत, तेव्हा औषधाचं बघा. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते. आईबाबांसाठी मात्र दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. बोट लागण्याच्या गोळ्यांनी आणि कानामागे लावायच्या पट्टीने वयस्कर माणसांना गुंगी येते, लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर धोका असतो. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि एक गोळी घरीच घेऊन बघा. गोळीशिवायचे उपाय म्हणजे मोकळी हवा, क्षितिजावर नजर, थोडं थोडं कोरडं खाणं, आणि आलं. रिकाम्या पोटी पडून राहणं सगळ्यांत वाईट.

रोजची औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टणात, आठवड्यापेक्षा चार दिवस जास्तीची. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांच्या हवाली होतात आणि केबिनपाशी कधी कधी संध्याकाळी उशिरा पोचतात. जहाजावर दवाखाना असतो, पण तो महाग असतो आणि त्याचं बिल तिकिटात धरलेलं नसतं. प्रवास विमा काढताना जहाजावरून हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे शब्दशः वाचा. जुनो ही राज्याची राजधानी आहे, तरी तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. जायचं-यायचं ते बोटीने किंवा विमानाने. वयस्कर माणसं सोबत असताना ही गोष्ट मनात हवी.

आता न विचारलेला प्रश्न. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला अमेरिकेच्याच बंदरांमध्ये प्रवाशांची वाहतूक करता येत नाही. मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची असतात. म्हणून सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या तुमच्या जहाजाला शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबावं लागतं, मग तिथे तुम्हाला बघायचं असो वा नसो. याचा तुमच्या दृष्टीने अर्थ असा की तुम्ही अमेरिका सोडता, कॅनडात शिरता आणि परत अमेरिकेत येता. तुमच्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागत असेल तर त्या काही तासांसाठीही तो काढून ठेवा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना ते तपासा. 'आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही' हे उत्तर सिएटलच्या चेक-इनवर चालेल असं गृहीत धरू नका. माझ्या एका गटातलं एक जोडपं याच कारणासाठी धक्क्यावर राहिलं. काचेपलीकडे जहाज दिसत होतं आणि तिकिटाचे पैसे गेले. तेव्हापासून मी क्रूझ कंपनीकडून कागदपत्रांची यादी ईमेलवर मागवून घेतो. फोनवर सांगितलेलं धरत नाही.

स्कॅग्वेलाही हाच मुद्दा येतो. तिथून डोंगरात चढणारी व्हाइट पासची अरुंद रेल्वे १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८७० मीटरवरच्या खिंडीपर्यंत ती ३२ किलोमीटरांत चढते. खिंडीपर्यंत जाऊन खाली न उतरता परत येणारी फेरी असते, तिला कागदपत्रं लागत नाहीत. पण कॅनडातल्या युकॉनच्या बाजूला पुढे जाणारी सहल घेतलीत तर सरहद्द ओलांडता, पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात. तुमच्या आईबाबांना पहिली फेरी उत्तम: बसून जायचं, दऱ्या-धबधबे खिडकीतून बघायचे. जाताना डावीकडे बसा. शेवटी गाडी परत फिरते तेव्हा लोकांना बाजू बदलायला सांगतात, म्हणजे समोरच्यांनाही दृश्य मिळतं. कुरकुर न करता उठा.

विमानाने सिएटलला आदल्या दिवशी पोचा. त्याच सकाळी पोचणारं विमान घेणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्यासाठी जहाज थांबत नाही आणि फोन मात्र मला येतात.

बंदरांवर एका दिवसात एकच मोठी गोष्ट करा. पहिल्यांदा जाणारे सकाळी हेलिकॉप्टर, दुपारी व्हेल, संध्याकाळी डोंगरावर नेणारा रोपवे असं ठरवतात आणि तिन्ही धावत बघतात. जुनोला मी तुम्हाला व्हेल बघायची छोटी बोट सुचवेन. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लं देतात आणि उन्हाळ्यात इथे खायला येतात, त्यामुळे जुलैअखेरीस त्या दिसण्याची शक्यता खूपच चांगली असते. बोटींना सुमारे ९० मीटर अंतर राखावं लागतं, म्हणून परत एकदा दुर्बीण. बंद केबिन आणि स्वच्छतागृह असलेली बोट निवडा. आईबाबा तीन तास उघड्यावर बसू शकणार नाहीत. वेळ उरला तर मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे नगेट धबधब्यापर्यंतची वाट जवळपास सपाट, जाऊन-येऊन तीन-सव्वातीन किलोमीटर. खाऊ बॅगेत ठेवू नका. शेजारच्या ओढ्यात सामन मासे चढतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वलं येतात. ऑगस्टमध्ये कधी कधी वरच्या एका खोऱ्यात साठलेलं पाणी हिमनदीखालून फुटून नदीला पूर येतो. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तसं झालं. तुम्ही थोडे आधी आहात, तरी निघण्याच्या सकाळी वाटा उघड्या आहेत का ते बघा.

हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणं अप्रतिम असतं, पण धुकं आलं की रद्द होतं, आणि धुकं वारंवार येतं. ती सहल घेणार असाल तर सफरीतल्या पहिल्याच बंदरात घ्या, म्हणजे रद्द झाली तर पुढच्या बंदरात काहीतरी करता येतं. वजन करतात आणि त्यानुसार बसवतात, लाजू नका. जमिनीवरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की बाहेरून, यावर माझा साधा हिशेब आहे. उशीर होऊ शकेल अशी, लांब जाणारी सहल जहाजाकडून, कारण ती उशिरा परतली तर जहाज तिची वाट बघतं. गावातल्या गावात फिरणं असेल तर बाहेरून, स्वस्त आणि लहान गटात.

केचिकनला खर्चिक काही करू नका. खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरांच्या क्रीक स्ट्रीटवरून चाला, ओढ्यात सामन उड्या मारतात ते बघा, आणि सॅक्समन किंवा टोटेम बाइट इथले कोरीव खांब बघा. ते त्लिंगित आणि हायडा या इथल्या मूळ रहिवाशांचे आहेत. एकेक खांब एका घराण्याची कथा सांगतो आणि माहितगार वाटाड्या असेल तरच ती कळते. काही जहाजं गावात न लागता ११ किलोमीटरवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात. तुमचं कुठे लागतं ते आधी पाहा, नाहीतर परतीच्या बसच्या रांगेचा वेळ हिशेबात राहत नाही.

घड्याळाचा एक सापळा आहे. अलास्का सिएटलच्या एक तास मागे आहे. मोबाइल टॉवर सापडला की स्वतःहून वेळ बदलतो, नाही सापडला की बदलत नाही, आणि जहाज स्वतःची वेळ जाहीर करतं. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते. आईबाबांना साधी, हाताने लावायची मनगटी घड्याळं द्या आणि रोज सकाळी जहाजाच्या वेळेशी जुळवा. मोबाइल समुद्रात असताना विमान मोडवर. जहाजावरच्या सेल्युलर जाळ्याचं बिल बघून मी एकाला अक्षरशः खाली बसलेलं पाहिलंय.

मार्ग बदलू शकतो, ही मनाची तयारी असू द्या. धुकं, वारा, बर्फाचे तुकडे, कशानेही कप्तान बंदर गाळू शकतो. १० ऑगस्ट २०२५ रोजी जुनोच्या दक्षिणेला ट्रेसी आर्म या खाडीत डोंगराचा मोठा भाग पाण्यात कोसळला आणि प्रचंड लाट उठली; त्या खाडीत क्रूझ जहाजं नेहमी जात असत. असं काही झालं की कप्तानाशी हुज्जत घालणाऱ्यांच्या रांगेत उभं राहू नका. त्या तासात डेकवर जागा मोकळी असते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून चुंबकी हुक नेलेत तर ओली जॅकेटं टांगता येतात; याहून उपयोगी वस्तू मला सापडलेली नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेली विजेची पट्टी आणि इस्त्री बहुतेक जहाजं जप्त करतात. खाण्याची पथ्यं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. वाटाड्यांच्या टिपसाठी अमेरिकन डॉलरच्या लहान नोटा ठेवा, व्हिक्टोरियाला कार्ड चालतं. हात साबणाने धुवा. जेलने उलट्या-जुलाब लावणारा नोरोव्हायरस नीट मरत नाही. सुरक्षिततेचा सराव टाळू नका. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर तो जहाज सुटण्याआधीच घेतात, आणि आईबाबांना जिने उतरून आपल्या जागेवर पोचायला किती मिनिटं लागतात हे तुम्हाला तिथेच कळेल.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा कुलूप लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीत त्या खाली जातात आणि सकाळी थेट सिएटलच्या गोदामात मिळतात. सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि बूट बाजूला काढल्याशिवाय बॅगेची चेन ओढू नका. आमच्यातल्या एका गृहस्थांनी बूट वाळले म्हणून आनंदाने सगळे, दोन्ही जोड, बॅगेत भरले. सकाळी सिएटलच्या धक्क्यावर, सूट घालून, ते जहाजाच्या पांढऱ्या सपाता घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभे होते, आणि बाहेर अर्थातच पाऊस पडत होता.